तीळ जाळण्याआधी विचारा : तुकडा तपासायला जाणार का?

तळपायावरचा काळा डाग आठ महिन्यांत वाढलाय आणि डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच बघून 'साधा तीळ आहे, लेझरने जाळून टाकू' म्हटलं, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. तारीख घेतली असेल तर आधी ती रद्द करा.

माझ्याकडून झालेली चूक नेमकी हीच. एका क्लिनिकमध्ये, नाव घेत नाही, तीळ जाळून घेतला आणि तुकडा तपासणीला गेलाच नाही. पुढे त्याच जागी पुन्हा रंग उमटला, तेव्हा मूळचा तीळ काय होता हे सांगायला कुणाकडेच काही उरलं नव्हतं. फाइलमध्ये एकच शब्द : 'काढला'.

लेझर किंवा कॉटरीने (विजेच्या उष्णतेने जाळून) वरचा रंग जातो, खालच्या पेशी राहू शकतात. तीळ साधा असला तरी व्रणात परत आलेला रंग सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारखा, म्हणजे रंगपेशींच्या त्वचाकर्करोगासारखा, दिसू शकतो, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचंही काम अवघड होतं. आणि खरंच मेलॅनोमा असेल, तर पुढचं बरंचसं ठरतं ते त्याच्या खोलीवर. तिला ब्रेस्लो जाडी म्हणतात आणि ती मिलिमीटरमध्ये मोजतात. आजूबाजूची कातडी 1 सेंटिमीटर काढायची की 2, लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासायची की नाही, हे त्यावरून ठरवतात. जाळलेल्या कातडीची जाडी मोजता येत नाही.

तीळ तपासायचे एबीसीडीईचे नियम (दोन बाजू सारख्या नसणं, वेड्यावाकड्या कडा, अनेक रंग, 6 मिलिमीटरहून मोठा व्यास, बदल) तुम्हाला ठाऊक असतील. फक्त 6 मिलिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, बदलतोय हेच पुरेसं कारण आहे. 'मी उन्हात फारसा जात नाही' हेही सोडा. तळपाय, तळहात आणि नखाखालच्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो आणि सावळ्या-काळ्या त्वचेत मेलॅनोमा झालाच, तर बऱ्याचदा याच जागी होतो.

नीट तपासणी म्हणजे कपडे उतरवून, चांगल्या उजेडात, टाळूपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत. जाताना नेलपॉलिश सगळ्या वीस नखांवरची काढा, मेकअप नको, केस मोकळे ठेवा. एकाच नखावर काळी पट्टी असेल, ती रुंदावत असेल किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर ते आवर्जून दाखवा. अनेक नखांवर पट्ट्या असणं सावळ्या लोकांत बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं.

डर्मोस्कोप न लावता तळपायाच्या डागाबद्दल कुणी निर्वाळा दिला तर मी तो मानणार नाही. साधारण दहापट मोठं दाखवणारं ते भिंग आहे. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात, उंचवटे आणि मधल्या खाचा. रंग खाचांमध्ये बसलेला असेल तर तीळ बहुधा साधा, उंचवट्यांवर पसरलेला असेल तर संशय. उंचवटा ओळखायचा घामाच्या छिद्रांवरून : पांढऱ्या ठिपक्यांची ओळ जिथे दिसते तो उंचवटा. टेबलापलीकडून हे दिसणं शक्यच नाही!

संशय असेल तर शक्यतो अख्खा डाग, भोवतीच्या 1 ते 3 मिलिमीटर कातडीसकट, पुरेसा खोल काढतात. डाग मोठा असेल तर सर्वांत गडद किंवा जाड भागाचा तुकडा घेतात, पण त्यातून नेमका वाईट भाग निसटू शकतो. रिपोर्ट 'साधा' आला आणि डाग वाढतच राहिला, तर पुन्हा बायॉप्सी मागा. वरवर खरवडून काढायला नकार द्या, खोली तिथेच हरवते. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, जातो. डबीवर नाव आणि जागा ('डावी टाच' असं स्पष्ट) लिहिलेली तुमच्या डोळ्यांनी बघा, फॉर्मवर 'मेलॅनोमा आहे का?' हा प्रश्न लिहायला सांगा.

जाता जाता : शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच उजेडात, महिन्यातून एकदा फोटो काढा. पण फोटो काढत बसून भेट लांबवू नका. फोनवरच्या अ‍ॅपने 'सुरक्षित' म्हटलं तर त्याला माझ्या लेखी किंमत नाही.

मी डॉक्टर नाही, आणि असे बहुतेक डाग निरुपद्रवीच निघतात. तुमचाही निघो. पण ते पॅथॉलॉजिस्टने सांगू दे. रिपोर्टची प्रत आणि त्यावरचा ब्लॉक क्रमांक (ब्लॉक म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तुमचा तुकडा) जपून ठेवा, दुसरं मत घ्यायची वेळ आली तर तोच ब्लॉक पुन्हा तपासता येतो.