झुकर बंधू आणि जिम अब्राहम्स यांचे जुने विडंबनपट आजही हसवतात. मग त्याच धर्तीवरचे नंतरचे चित्रपट फिके का वाटतात?

या त्रिकुटाने कोणते विनोद केले यापेक्षा ते कशाच्या आधारावर केले, यात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. डेव्हिड झुकर, जेरी झुकर आणि जिम अब्राहम्स हे तिघेही अमेरिकेतील मिलवॉकी परिसरातले. १९७१ मध्ये मॅडिसन येथे त्यांनी ‘केंटकी फ्राइड थिएटर’ हे विनोदी नाट्यपथक सुरू केले. टवाळी करण्यासाठी जाहिराती मिळाव्यात म्हणून ते रात्री उशिराचे टीव्हीवरील कार्यक्रम मुद्रित करून ठेवत आणि त्यातच त्यांना १९५७ चा ‘झिरो अवर!’ हा चित्रपट अनायासे सापडला. जेवणातल्या माशांमुळे वैमानिकांना विषबाधा होते आणि युद्धाच्या आठवणींनी खचलेल्या एका माजी लढाऊ वैमानिकाला ते प्रवासी विमान उतरवावे लागते, अशी त्याची कमालीची गंभीर कथा. तिघांनी तिचे हक्क रीतसर विकत घेतले आणि सांगाडा, नायकाचे नाव व कित्येक संवाद जवळजवळ जसेच्या तसे ठेवून १९८० मध्ये ‘एअरप्लेन!’ काढला. त्यामुळे चेष्टेचा कितीही भडिमार झाला तरी विमान सुखरूप उतरेल की नाही, ही उत्सुकता खालून चालूच राहते. नंतरच्या बऱ्याच विडंबनपटांना असा आधार नाही. प्रेक्षकाला एखादे गाजलेले दृश्य ओळखू आले की आपले काम झाले, असा त्यांचा समज दिसतो.

नटांची निवडही तितकीच महत्त्वाची. लेस्ली निल्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस आणि पीटर ग्रेव्हज ही मंडळी तोवर गंभीर भूमिकांसाठीच ओळखली जात होती, आणि इथेही ती चेहऱ्यावरची रेषा न हलवता बोलतात. पडद्यावर जेट विमान उडत असते आणि कानावर मात्र पंख्याच्या जुन्या विमानाची घरघर पडते. पण त्याकडे कोणीही बोट दाखवत नाही. ‘टॉप सीक्रेट!’ (१९८४) मध्ये कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असल्यामुळे मोठा वाटणारा टेलिफोन अधिकारी उचलतो, तेव्हा तो खरोखरच अवाढव्य असल्याचे दिसते. अर्थात, एकेका गमतीच्या दृष्टीने हा चित्रपट मला सर्वांत कल्पक वाटत असला तरी त्याची कथा विस्कळीत आहे, आणि उत्तरार्धात ते जाणवते.

निल्सन यांना पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत घेऊन केलेली ‘पोलीस स्क्वॉड!’ ही त्यांची टीव्ही मालिका १९८२ मध्ये सहाच भागांत आटोपली. पडद्याच्या कोपऱ्यात चाललेली गंमत पकडायची तर डोळे लावून बसावे लागते, आणि टीव्हीसमोर तसे कोण बसतो? तोच पोलीस अधिकारी निल्सन यांनी १९८८ मध्ये ‘द नेकेड गन’ मधून चित्रपटगृहात आणला, तेव्हा मात्र तो तुफान चालला.

तथापि सगळा दोष नक्कल करणाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. ‘स्केरी मूव्ही’ या नंतरच्या विडंबनपटांच्या मालिकेतील तिसरा आणि चौथा चित्रपट खुद्द डेव्हिड झुकर यांनीच दिग्दर्शित केला होता, आणि मला तरी त्यांत ‘एअरप्लेन!’ची घट्ट वीण आढळली नाही.