दगडावर ५०, फलकावर ६०

प्रश्न : मी अकोले तालुक्यात शिक्षिका आहे. सुट्टीच्या दिवशी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर, आमच्या भागातले रस्ते भरते. कोल्हार–घोटी रस्ता लोणीकडे रुंद आहे, राजूरच्या पुढे घाटात अरुंद होतो. मग नकाशातला त्याचा वर्ग (राज्यमार्ग, जिल्हा मार्ग वगैरे) मध्येच बदलायचा का? संगमनेरजवळ पुणे–नाशिक रस्त्याच्या जुन्या दगडावर महामार्ग क्रमांक ५० आहे आणि नव्या फलकावर ६०. यातला कोणता आकडा धरू?

उत्तर : ताई, वर्ग बदलू नका. बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून माझी ३१ वर्षं रस्त्यावरच गेली आणि निवृत्तीनंतर मीही हाच नकाशा भरतो. रस्त्याचा वर्ग डांबराच्या रुंदीवर ठरत नसतो. तो कुठल्या गावांना जोडतो आणि शासनाच्या यादीत कशात बसतो, यावर ठरतो. ही उतरंड १९४३ च्या नागपूर आराखड्यातून आली. आपल्याकडे कागदोपत्री आणि बोलण्यातही ती रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी चालते : राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग.

तुमचा रस्ता राज्यमार्ग आहे. नगर–मनमाड रस्त्यावरच्या कोल्हारहून निघून तो घोटीला मुंबई–नाशिक रस्त्याला मिळतो. घाटात तो चिंचोळा झाला तरी त्याचं हे काम तेच राहतं. म्हणून सलग 'प्रायमरी', म्हणजे नकाशातला राज्यमार्गाचा वर्ग, ठेवा. चिंचोळेपणाची नोंद 'लेन्स' (मार्गिका) आणि 'विड्थ' (रुंदी) या रकान्यांत जरूर करा, रात्री गाडी घेऊन येणाऱ्याला तीच उपयोगी पडते.

आता आकडा. केंद्राने २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले : उत्तर–दक्षिण जाणाऱ्यांना सम, पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम. त्यात पुणे–नाशिक ५० चा ६० झाला, मुंबई–गोवा १७ चा ६६. 'रेफ'मध्ये, म्हणजे क्रमांकाच्या रकान्यात, ६० लिहा. पण ५० पुसू नका, तो 'ओल्ड रेफ'मध्ये, म्हणजे जुन्या क्रमांकाच्या रकान्यात, राहू द्या. आमच्या पिढीच्या तोंडी अजून तोच आहे.

दगडाबद्दल सावध करतो. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्यमार्गाचा हिरवा, ग्रामीण रस्त्याचा नारिंगी. निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी मी एका गावातला रस्ता हिरवा दगड बघून राज्यमार्ग म्हणून भरला. प्रत्यक्षात बाहेरून वळणरस्ता झाला होता, राज्यमार्ग तिकडे गेला होता आणि गावातला तुकडा नगरपालिकेकडे आला होता. दगड तेवढा मागे राहिला. माझ्या नोंदीमुळे काही दिवस तरी जड वाहनांना बाजारपेठेतून वाट दिसत असणार. ती चूक मला अजून बोचते. तेव्हापासून दगडाबरोबर दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय मी वर्ग लिहीत नाही.

तो पुरावा कामाच्या फलकावर मिळतो. दुरुस्ती निघाली की कडेला फलक लागतो. त्यावर कामाच्या नावातच वर्ग, क्रमांक आणि 'किमी १२/०० ते १५/५००' असा हिशेब असतो. 'प्रजिमा' दिसला, तर जिल्हाही टिपून ठेवा. हे क्रमांक जिल्हावार असतात, त्यामुळे तोच आकडा नाशिक जिल्ह्यात दुसऱ्याच रस्त्याला असतो. राज्यमार्गांचंही राज्याराज्यांत असंच आहे. म्हणून मार्गाची 'रिलेशन' (एका मार्गाचे सगळे तुकडे एकत्र बांधणारी नोंद) करताना 'नेटवर्क'मध्ये, म्हणजे मार्ग कुठल्या जाळ्यातला ते सांगणाऱ्या रकान्यात, महाराष्ट्र लिहायला विसरू नका. दोन मार्ग काही अंतर एकाच रस्त्यावरून जात असतील, तर तेवढ्या तुकड्याला वरचा वर्ग द्या, 'रेफ'मध्ये दोन्ही क्रमांक अर्धविरामाने लिहा आणि तो तुकडा दोन्ही रिलेशनमध्ये घाला.

गूगल मॅपवरून मात्र काहीही उतरवू नका, त्याला परवानगी नाही. शाळेत जाता-येता फलक दिसला की तिथेच थांबून फोटो काढा. काम संपल्यावर तो फार दिवस जागेवर राहत नाही.