गमबूट घेऊन लातूरला

तुमचा प्रश्न आहे, "बदलीमुळे अनोळखी शहरात गेल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं? पुढच्या महिन्यात मी रत्नागिरीहून लातूरला जातोय." लातूर वाचलं आणि राहवलं नाही.

मी चिपळूणचा. जून २०१५ मध्ये बँकेच्या बदलीवर लातूरला आलो, तेव्हा बॅगेत दोन छत्र्या, रेनकोट आणि गमबूट. आईनंच भरून दिले. आमच्याकडे जूनमध्ये पायरीवरची चप्पल वाहून जाते. इथं रिक्षावाला छत्रीकडे बघून म्हणाला, "साहेब, हे कशाला आणलाव?" मला वाटलं काहीतरी लावायला सांगतोय. हा 'लाव' मला आठवडाभर छळत होता. "जेवलाव का?" "कुठून येऊलालाव?" एकदा मी शाखेतल्या शिपाईमामांना "काय लावू?" म्हणून विचारलंसुद्धा. बिचारे हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. तर हे आधीच सांगून ठेवतो: ते आदरानं बोलणं आहे, हुकूम नव्हे.

गंजगोलाईत पहिल्या रविवारी हरवलो. मधोमध गोल इमारत, आत जगदंबेचं देऊळ आणि भोवतीनं फुटणारे सोळा रस्ते. आपण कुठल्या रस्त्यानं आलो तेच आठवेना. संध्याकाळी ट्यूशनच्या भागात गेलो, तर पाठीला दप्तर लावलेली हजारो पोरं रस्त्यावर. खेड्यापाड्यांतून ट्रंका घेऊन आलेली. बरं वाटलं, म्हटलं इथं परका मी एकटाच नाही.

पण खरं शहर कळलं ते काकूंच्या मोरीत. काकू म्हणजे घरमालकीण. पहिल्याच दिवशी त्यांनी पाण्याचा तांब्या आणि पेला पुढे ठेवला. मी सवयीनं पेल्यात थोडं पाणी घेतलं, विसळला, पाणी मोरीत ओतलं आणि मग भरून प्यायलो. स्वच्छ पेला! काकू काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मोरीच्या नळाखाली एक बादली होती. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात, भाजी धुतलेलं त्यात, तेच संध्याकाळी कढीपत्त्याला. मी पुन्हा कधी पेला विसळला नाही. आजतागायत नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. एरवीही इथली वर्षाची सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास. तेवढा आमच्याकडे चांगल्या जुलैतल्या पंधरा दिवसांत पडून जातो. मांजरा धरण आटत गेलं, नळाचे दिवस लांबत लांबत गेले. लोक पाण्याची तारीख लग्नाच्या तारखेसारखी लक्षात ठेवायचे.

आणि तरी येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेजारचे अण्णा मला त्यांच्या शेतात घेऊन गेले. हा सण तुम्हाला माहीत नसेल, लातूर-धाराशिवकडचा खास. सकाळी शहर रिकामं होतं, जो तो शेताकडे. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केलेली, आत पांडवांचे दगड मांडलेले, समोर माठात आंबील. तुरी वाळून गेलेल्या, ज्वारी गुडघ्याला टेकलेली, आणि अण्णा मला भज्जी वाढताना म्हणतात, "लाजू नका साहेब, लई हाय." (ही भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे. हिरवे दाणे, भाज्या आणि बेसनाची घट्ट भाजी. बाजरीच्या भाकरीबरोबर तीन वेळा घेतली.) मासे नाहीत म्हणून मी जे सहा महिने रडत होतो, ते त्या दिवशी थांबलं.

मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. मग १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची यायला लागली. बातमी ऐकून आख्खी शाखा खूश, मी मात्र गप्प. कारण मनात नकाशा उलगडला होता. मिरजेचं पाणी कृष्णेचं. कृष्णेला कऱ्हाडला मिळते कोयना. आणि त्याच कोयनेचं ६७ टीएमसीच्या (म्हणजे ६७ अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी दरवर्षी वीज करून झाल्यावर आमच्या वाशिष्ठी नदीत सुटतं आणि चिपळूणवरून समुद्राला जातं. लहानपणी पुलावर उभं राहून ते बघणं हा आमचा टाइमपास होता. काकूंना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "समुद्राला काय कमी होतं का रे लेकरा?"

आता तुमच्यासाठी कामाचं. घर बघताना भाड्याआधी बोअर किती फूट आहे आणि मेमध्ये चालतो का ते विचारा. मालकाला नाही, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला. म्हातारी माणसं 'भूकंपाच्या आधी', 'भूकंपानंतर' अशी वर्षं मोजतात. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. मध्येच थांबवून प्रश्न विचारू नका, ती आपणहून सांगतात. ज्वारीची भाकरी पहिले आठ दिवस जड जाईल, मग पोळी नको वाटेल. छत्री एक पुरे.

गमबुटांचं विचाराल तर सप्टेंबर २०१६ च्या शेवटी पाऊस कोसळला, मांजरा भरलं, गल्लीत घोटाभर पाणी. मी मोठ्या ऐटीत माळ्यावरून बूट काढले. सव्वा वर्ष पत्र्याखाली राहून रबर पार चिरलेलं. एकात पाय घातला, अंगठा बाहेर. काकू दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या.