‘कॅट पीपल’ (१९४२) पाहिला, पण भीती वाटली नाही. इंदूरला घरी टीव्हीवर बघताना काय चुकतं?

बहुतेक वेळा खोलीच चुकते. सराफ्याजवळ घर असेल तर रात्री उशिरापर्यंत बाजाराचा उजेड आत येतो. खिडकीला जाड चादर लावा. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘सिनेमा’ ठेवा. ब्राइटनेस वाढवू नका, काळा रंग राखाडी झाला की सावलीत काही दडायला जागाच उरत नाही.

मग बागेच्या भिंतीकडेचा प्रसंग कान देऊन बघा. दिव्याखाली उजेड, पुढे काळोख, पुन्हा उजेड. दोन बायकांच्या टाचांची टकटक. मागची पावलं एकदम थांबतात. पार्श्वसंगीत नाहीच! आपण कान टवकारलेले असतानाच फिस्सकन बस समोर येते. दचकवते बस, पण भीती त्याआधीच्या शांततेत मुरलेली असते.

तरणतलावाच्या प्रसंगात तर भिंतींवर पाण्याचे हलते कवडसे आणि घुमणारी गुरगुर, एवढंच. निकोलस मुसुराका यांचा कॅमेरा इथे कमाल करतो.

सिनेमा जेमतेम ७३ मिनिटांचा आहे, मध्ये थांबवू नका. मोबाइल उघडलात की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा काही मिनिटं जातात.