मी तर काहीच मागितलं नव्हतं

प्रेम तुटल्यावर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. ‘मी कधीच काही मागितलं नाही, तरी असं का झालं?’ तिच्या जोडीला दुसरी काळजी येते. ‘तेच तेच दुःखी गाणं लावून बसते, डोक्यावर परिणाम झालाय का?’

दुसरीचं उत्तर सोपं आहे. नाही झालेला. रडू येणारं गाणं लावून खुशाल रडावं. फक्त नंतर मोकळं वाटतं की आणखी रुतायला होतं, एवढं बघायचं. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली मांडलं होतं, की उदास असताना ‘असं का झालं’ याचाच रवंथ करणाऱ्यांची उदासी जास्त लांबते. गाण्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही.

पहिली तक्रार मात्र अवघड. तिच्यासाठी वैदेहीची गोष्ट सांगते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला विचारूनच लिहितेय.)

वैदेही सांगलीकडची, आयटीतली. कंपनीने मेक्सिकोत ग्वादालाहाराला पाठवलेली. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे माझ्याकडे पुण्यात सकाळचे साडेआठ, तेव्हा आम्ही ऑनलाइन बोलायचो. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिचं जमलं होतं. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. मग त्याला मॉन्टेरी या दुसऱ्या शहरात वरच्या पगाराची नोकरी मिळाली आणि तो गेला. तेव्हापासून ती रोज रात्री मेक्सिकन गायक लुईस मिगेलच्या ‘ला इंकोंदिसिओनाल’ या गाण्याचा व्हिडिओ बघत होती. नुसतं ऐकत नव्हती, बघत होती.

गाण्याचं नाव म्हणजे कुठलीही अट न घालता प्रेम करणारी. हुआन कार्लोस काल्देरोन या स्पॅनिश संगीतकाराचं हे गाणं १९८८ च्या ‘बुस्का उना मुहेर’ या अल्बममधलं. १९८९ मध्ये ते गाजलं तेव्हा गायक जेमतेम एकोणीस वर्षांचा. मेक्सिकोत आजही अनेकांना तोंडपाठ असेल. व्हिडिओत तो लष्करी प्रशिक्षणाला जातो. बारीक केस, गणवेश, कवायत आणि प्रेयसीचा निरोप. कर्तव्यापुढे प्रेमाचं काय चालणार! दोष कुणालाच देता येऊ नये असा तो निरोप. वैदेहीला त्यात स्वतःची गोष्ट दिसायची. ‘त्यालाही जावंच लागलं ना, मॅडम.’

मला स्पॅनिश येत नाही. एकदा तिला म्हटलं, चित्र बंद कर आणि गाण्यात तो काय म्हणतोय ते मला मराठीत सांग. ती भराभर सांगायला लागली. मैत्री, माया, तू माझी सावली. मग एक हॉटेल, तिचा देह आणि निरोप असं आलं. पुढे लपवून ठेवलेली मैत्रीण. पहाटेपुरतं प्रेम. ना वचन, ना शपथा. इथे तिचा वेग कमी झाला.

‘मॅडम, यात सैन्य कुठेच नाहीये.’

नव्हतंच. शब्दांतला माणूस कसल्याच कर्तव्यावर निघालेला नाही. जिच्यावर प्रेम करणं त्याला जमलं नाही, जी कशाचीच अपेक्षा ठेवत नव्हती, तिचे तो आता गोडवे गातोय. व्हिडिओने त्याला गणवेश चढवला आणि त्याची अब्रू राखली, असं माझं मत. गाणं सुरेल आहे, त्यात वाद नाही.

मग वैदेहीचं न मागणं बाहेर यायला लागलं. रविवारी ती त्याच्याकडे कांदेपोहे करायची, आणि त्याची बहीण यायच्या आत भांडी घासून, स्वतःचा टूथब्रश पर्समध्ये टाकून निघून जायची. ‘घरी कधी सांगणार?’ हे एकदाही विचारलं नाही. तिला तो मनाचा मोठेपणा वाटत होता. आपल्याकडे तसा वाटायची सोयही चोख असते. ‘आमची पोर कशाचा हट्ट करत नाही’ हे पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगतात. खोलात गेल्यावर ती म्हणाली, ‘विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.’ म्हणजे उत्तर तिला ठाऊक होतं. ते ऐकायला लागू नये म्हणून प्रश्न गिळला होता.

इथे गल्लत होऊ नये. मागितलं असतं तर तो राहिला असता, असं मी कुणालाच सांगत नाही. कदाचित लवकर गेला असता. पण मग रविवार तरी वाचले असते.

पुढचं काम फारच किरकोळ वाटेल. मागायचा सराव. वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार, तिकडे त्याला गर्राफोन म्हणतात, तो वैदेहीच विकत आणायची, तीच जिना चढवायची. रूममेट नुसती प्यायची. ‘या आठवड्यात तू आण’ एवढं वाक्य बोलायला तिला दोन सत्रं लागली. रूममेट ‘हो’ म्हणाली आणि मोबाइल बघत बसली. जार आला दुसऱ्या दिवशी.

डिसेंबरात त्याचा मेसेज आला. ग्वादालाहाराला येतोय, भेटूया. तिने विचारलं, कुठे, तुझ्या घरी? त्याने लिहिलं, बघू. तिने उत्तर दिलं, ‘ठरलं की कळव, नाहीतर मला जमणार नाही.’ आणि लगेच मला फोन. ‘मॅडम, फार उद्धट झालं का हो?’ आमचं पुढचं अख्खं सत्र त्यावरच गेलं.