संकरित माशात प्रोटीन दीडपट असतं का?

प्रश्न: मी परळला राहतो, जिमला जातो. पापलेट परवडेना म्हणून हल्ली रोहू-कटला आणतो (घरचे नाकं मुरडतात ते सोडा). भाचा झूलॉजी करतोय, तो म्हणाला की चीनमध्ये क्रोमोसोमचे तीन सेट असलेले संकरित मासे आहेत आणि त्यांची प्रोटीनं आईबापांपेक्षा वेगळी निघतात. म्हणजे प्रोटीन दीडपट मिळतं का? आपल्याकडचा हायब्रिड मासा हाच का?

उत्तर: भाचा बरोबरच बोलला, पण तुम्ही ते जिमच्या कानांनी ऐकलंत. तो बोलतोय प्रोटीनच्या प्रकाराबद्दल, ताटातल्या ग्रॅमबद्दल नाही. दीडपट प्रोटीन हवं तर दीडपट मासा आणा.

आणि आपल्याकडचा रोहू-कटला संकर तो नव्हेच. रोहूची क्रोमोसोम (म्हणजे पेशीतले जीन वाहणारे धागे) ५०, कटल्याची ५०, पिल्लांचीही ५०च, म्हणजे दोनच सेट. चीनमध्ये हुनानला लाल क्रूशियन कार्पची मादी (म्हणजे गोल्डफिशचीच भावकी) आणि कॉमन कार्पचा, आपल्या सायप्रिनसचा नर असा संकर केला, दोघांची १००-१०० (दोन सेट), पण तिसऱ्या पिढीपासून २००वाले, म्हणजे चार सेटचे निघाले, मग त्यांचा १००वाल्या क्रूशियनशी परत संकर केला की १५०वाले, तीन सेटचे, वांझ.

आता प्रोटीनचं बघा. ऑक्सिजन कमी पडला की स्नायूत लॅक्टेट बनवणारं एक एन्झाइम असतं, एलडीएच, तुमच्यातही आहे. ते चार तुकडे जुळून बनतं. कॅरमला चौघं बसतात ना, तसं. समजा आईकडचा आणि बापाकडचा तुकडा जरा वेगळा आहे, तर शुद्ध जातीच्या बोर्डावर चौघं एकाच घरचे, पण संकरित माशात ४-०, ३-१, २-२, १-३, ०-४ अशा पाचही जोड्या जमतात. हे एन्झाइम जेलमध्ये ठेवून करंट सोडला की वेगवेगळ्या जोड्या वेगवेगळ्या अंतरावर सरकतात, मग रंग दिला की आईबापांचा एकेक पट्टा आणि पिल्लाचे पाच, त्यातले मधले तीन दोघांच्याही घरात नव्हते! मला तरी हीच गंमत वाटते, पिल्लू म्हणजे नुसती आईबापांची सरासरी नाही.

दोन सेटवाल्या संकरात हे पट्टे १६ पैकी १, ४, ६, ४, १ असे पडतात. तीन सेटवाल्यात क्रूशियनचे दोन आणि कार्पचा एक सेट, त्यामुळे हिशोबाने ८१ पैकी १६, ३२, २४, ८, १, सगळं क्रूशियनकडे झुकलेलं.

पण हा झाला कागदावरचा हिशोब. जीनची कॉपी वाढली म्हणून काम तेवढंच वाढतं असं नाही. स्पेन-पोर्तुगालच्या नद्यांत स्क्वालियस अल्बर्नॉइडिस नावाचा संकरित मासा आहे, त्याच्या तीन सेटवाल्यांत काही जीनचे संदेश (प्रोटीन बनवायच्या सूचना) दोन सेटवाल्यांइतकेच निघाले, म्हणजे जास्तीची कॉपी असूनही आवाज दाबलेला.

बाहेरून हे मासे ओळखणं कठीण. अमेरिकेत तलावातलं तण खायला तीन सेटवाला ग्रास कार्प सोडतात ना, तो खरंच तीन सेटचा आहे का हे रक्ताचा थेंब घेऊन बघतात, कारण त्याच्या रक्तपेशीचं केंद्रक मोठं असतं.