बापाचं पोरात उतरणार का?

माझ्याकडे आलेल्या एका आईंनी पिशवीतून कालनिर्णयचं फाडलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. दुधाचे खाडे मांडावेत तसे तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने आकडे लिहिले होते. १२.४०, २, ३.१५, परत २.

"त्याच्या खोलीतला दिवा कधी बंद होतो, ते मांडलंय."

मुलगा १९ वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेला. नवऱ्याला चोविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशय आणि भास होणारा मानसिक आजार, सुरू झाला. आता गोळ्या नियमित आहेत, दुकान सांभाळतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "मॅडम, बापाचं पोरात उतरणार का?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी भावंडाबद्दल असतो, कधी लग्न ठरताना दबक्या आवाजात विचारलेला.

मी लगेच आकडा सांगितला. एरवी हा आजार साधारण शंभरात एकाला होतो, आईवडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात दहाच्या आसपास. इथेच माझं चुकलं. त्यांनी दहा ऐकले, नव्वद ऐकलेच नाहीत. "म्हणजे दहापट!" म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग जुळ्यांचं सांगितलं. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. तरी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण फार तर निम्मं, काही अभ्यासांत त्याहूनही कमी. सगळं रक्तातच ठरलेलं असतं, तर दुसरा सुटलाच नसता. शिवाय 'ते' एक जनुक असं काही नसतंच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी संबंध असलेल्या २८७ जागा जनुकांच्या आराखड्यात सापडल्या, आणि एकेकीचा वाटा अगदी चिमूटभर.

पुढच्या वेळी मुलगा एकटा आला. आधी आईची तक्रार: रात्री दाराच्या फटीतून बघते, कपड्यांचे वास घेते, जरा गप्प बसलं की "काय होतंय?" बरंच इकडचं तिकडचं झाल्यावर मुद्द्यावर आला. हॉस्टेलवर शनिवार-रविवारी गांजा चालतो. "सगळेच ओढतात, कुणाला काही झालं नाही." तुला? थोडा वेळ बुटाची लेस सोडत-बांधत बसला. दिवाळीनंतर एकदा जास्त झाला होता. पुढचे दोन दिवस मेसमधली पोरं आपल्याबद्दलच बोलताहेत असं वाटत राहिलं. ताट घेऊन खोलीत जेवला. मग ते गेलं.

स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा १५ वर्षं मागोवा घेतला गेला. १९८७ मध्ये निष्कर्ष आले: अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. यातला किती दोष गांजाचा आणि किती आधीपासूनच्या कलाचा, यावर वाद आहे. गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हेही खरंच. मी त्याला एवढंच म्हटलं, "रूममेटला पचतं ते तुला पचेलच असं नाही. बाबांकडून काय आलंय ते तुला बदलता येणार नाही. शनिवारी रात्री काय करायचं ते येईल."

ते दोन दिवस मनोविकारतज्ज्ञांना सांगायलाच हवेत, यावर मी अडून राहिले. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. गांजा पूर्ण बंद, झोप वेळेवर आणि महिन्याला भेट. झोप उडाली, संशय परत आला, कुणी नसताना आवाज ऐकू आले, तर महिन्याची वाट न बघता लगेच यायचं. हॉस्टेलवर रात्रीबेरात्री काही वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी त्याला मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावला.

आईशी बोलणं जास्त अवघड होतं. एकेकाळी या आजाराचं खापर सरळ आईच्या वागण्यावर फोडलं जायचं, तेही शास्त्राच्या नावाखाली. ते केव्हाच खोटं ठरलंय. पण घराचं वातावरण अगदीच बिनमहत्त्वाचं, असंही नाही. फिनलंडमध्ये जन्मदात्या आईला हा आजार असलेल्या, पण दत्तक गेलेल्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. ताणतणावाच्या घरात वाढलेल्यांत आजार जास्त दिसला, शांत घरात वाढलेल्यांत बराच कमी. ज्यांच्यात आनुवंशिक धोका नव्हता, त्या मुलांत घराने फारसा फरक पडला नाही. हे ऐकून त्या एकदम ताठ बसल्या. "म्हणजे मी भांडते म्हणून..." नाही ताई. भांडणाने आजार होत नाही. पण ज्याची कातडी मुळात पातळ, त्याला ऊन लवकर लागतं. सावली तेवढी धरायची.

तडजोड झाली. फटीतून बघणं बंद, झोपेच्या वेळा तो स्वतः मांडणार. दर महिन्याला पानाचा फोटो आईला, एक मला. परवाच्या फोटोत सलग चार चौकोनांत वेळ नव्हती, फक्त 'परीक्षा' लिहिलं होतं. पाच मिनिटांत आईंचा फोन. "मॅडम, परीक्षा म्हणजे किती वाजता झोपला असेल हो?"

म्हटलं, त्यालाच विचारा. आणि आधी पेपर कसा गेला ते विचारा.